एन्झाइमचा गुण आणि यकृताचे माप

बाहेरगावच्या माणसाला दक्षिण दिल्लीतले सरोजिनी नगर माहीत असते ते तिथल्या स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे. केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्यांना मात्र ते क्वार्टर्समुळे आठवते. पूर्वी विनयनगर म्हणून वसवलेल्या या भागात बदलीच्या नोकरीने देशभरातून आलेली कुटुंबे एकाच जिन्यावर राहिली : खाली गढवाली, वर तमिळ, समोर बंगाली, शेजारी मराठी. २०१६मध्ये मंजूर झालेल्या पुनर्विकासात जुनी घरे पाडायला सुरुवात झाली, पण वसाहतीचा हा स्वभाव सरकारी नोकरीतूनच आलेला आहे, विटांतून नव्हे. रिंग रोडने दोन-तीन किलोमीटर गेले की सफदरजंग रुग्णालय आणि एम्स येते. हृदयात स्टेंट घालून घरी आलेल्या या सगळ्या शेजाऱ्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून बहुधा एकच गोळी मिळते : क्लोपिडोग्रेल, ७५ मिलिग्रॅम, रोज एक. ती सगळ्यांना सारखीच लागू पडते का? या प्रश्नाचे निम्मे उत्तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत प्रयोगशाळेत बनवलेल्या मानवी यकृताच्या एन्झाइमांनी दिले आहे. उरलेले निम्मे त्यांच्याकडून मिळणे शक्यच नाही, आणि भारतासाठी नेमके तेच जास्त महत्त्वाचे आहे, असे या आढाव्यात मांडायचे आहे.

पोटात गेलेल्या बहुतेक औषधांचे रासायनिक रूप यकृत बदलते. त्यात मोठा वाटा सायटोक्रोम पी-४५० या एन्झाइम-कुळाचा. या कुळातली मंडळी सीवायपी-३ए४, सीवायपी-२डी६, सीवायपी-२सी१९ अशा रुक्ष नावांनी ओळखली जातात. माणसामाणसांत ती सारखी नसतात याचा गाजलेला पुरावा लंडनमध्ये मिळाला. सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयातले रॉबर्ट स्मिथ यांनी १९७५च्या सुमारास डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचे औषध स्वतः घेऊन पाहिले. त्यांचा रक्तदाब धोकादायक खाली गेला, त्याच प्रयोगातल्या सहकाऱ्यांना मात्र विशेष काही झाले नाही. स्मिथ यांच्या शरीरात ते औषध मोडणारे एन्झाइम जवळजवळ कामच करत नव्हते. १९७७मध्ये त्यांच्या गटाने हा फरक आनुवंशिक असल्याचे दाखवले आणि १९८८मध्ये फ्रँक गोन्झालेझ व सहकाऱ्यांनी त्यामागचे जनुक वेगळे करून दुसऱ्या पेशीत चालवून दाखवले. रीकॉम्बिनंट मानवी एन्झाइमचा व्यवहार साधारण याच सुमारास सुरू झाला. माणसाचे जनुक घ्यायचे, ते जिवाणूत, किण्वात किंवा कीटकाच्या पेशीत घालायचे आणि तिच्याकडून एकच मानवी एन्झाइम हवे तेवढे करवून घ्यायचे.

यात कीटक कुठून आले याचे वाचकाला नवल वाटेल. २०१८पासून महाराष्ट्रातल्या मक्याची नासाडी करणारी अमेरिकन लष्करी अळी शेतकऱ्यांना चांगलीच ठाऊक आहे. याच जातीच्या किड्याच्या अंडाशयातून १९७०च्या दशकात काढलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात, त्यांना मानवी जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूची लागण करतात आणि त्या पेशींच्या पटलांवर मानवी एन्झाइम तयार होते. ई. कोलाय या जिवाणूकडून तेच काम करवून घ्यायला अधिक खटपट करावी लागली. पी-४५०चे सुरुवातीचे टोक पटलात रुतून बसणारे, आणि जिवाणूला ते जसेच्या तसे पचत नाही. १९९१मध्ये मायकेल वॉटरमन यांच्या गटाने गाईच्या एका पी-४५०च्या जनुकाच्या सुरुवातीची काही अक्षरे बदलली तेव्हा जिवाणू भरघोस उत्पादन देऊ लागला, आणि तीच युक्ती पुढे मानवी एन्झाइमांना लागू झाली. शिवाय या एन्झाइमला एकटे राहून चालत नाही. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारे रिडक्टेज हे दुसरे प्रथिन सोबत लागते, काहींना सायटोक्रोम बी-५ची मदतही लागते. त्यामुळे विकत मिळणाऱ्या कुपीत एन्झाइमबरोबर त्याचा हा लवाजमाही असतो, आणि तो किती घालायचा हे उत्पादक ठरवतो. ही बारीक गोष्ट पुढे महागात पडते.

उणे ८० अंशांवर ठेवलेली अशी कुपी उघडली की आत अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास गढूळ द्रव असतो. तो जिवंत आहे की मेला, हे पाहण्याची पद्धत जपानी संशोधक ओमुरा आणि सातो यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली आणि आजही तीच चालते. द्रावणात चिमूटभर सोडियम डायथायोनाइट टाकायचे, कार्बन मोनॉक्साइडचे काही बुडबुडे सोडायचे आणि प्रकाशमापकावर शोषणाचा आलेख काढायचा. ४५० नॅनोमीटरला टेकडी उभी राहिली तर एन्झाइम शाबूत. टेकडी घसरून ४२०वर आली तर प्रथिनाची घडी मोडलेली आहे, मग लेबलवर काहीही लिहिलेले असो. कुळाच्या नावातला ४५० हा आकडा याच टेकडीचा. टेकडीच्या उंचीवरून कुपीत किती पिकोमोल चालू एन्झाइम आहे हे मोजता येते. कुपीची पहिली ताकद ही : तिच्यातला प्रत्येक रेणू मोजून घेतलेला असतो. नंतर तिच्यात औषध घालायचे, ३७ अंशांवर काही मिनिटे ठेवायचे, अ‍ॅसिटोनायट्राइल ओतून प्रक्रिया थांबवायची आणि मास स्पेक्ट्रोमीटरने किती औषध संपले, काय नवीन तयार झाले ते पाहायचे. कुपीत एकच एन्झाइम असल्यामुळे काम कोणी केले याबद्दल वाद उरत नाही.

‘कोणी केले’ हा प्रश्न लहान नाही. १९८०-९०च्या दशकांत टेरफेनाडीन हे अ‍ॅलर्जीवरचे औषध सर्रास विकले जात होते. बुरशीवरचे केटोकोनॅझोल सोबत घेतलेल्या काही रुग्णांच्या हृदयाची लय जीवघेणी बिघडली. टेरफेनाडीन मोडण्याचे काम सीवायपी-३ए४चे आणि केटोकोनॅझोल नेमके त्यालाच अडवते. एका औषधाने दुसऱ्याची वाट बंद केली आणि टेरफेनाडीन रक्तात साचले. अखेर ते बाजारातून गेले. त्यानंतर नवे औषध माणसाला देण्याआधी त्याला कोणते एन्झाइम मोडते आणि ते स्वतः कोणाला अडवते याची तपासणी नियामकांनी जवळपास सक्तीची केली. औषधांच्या परस्परक्रियेसंबंधी २०२४मध्ये स्वीकारलेल्या आयसीएच एम-१२ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही रीकॉम्बिनंट एन्झाइमला जागा आहे. औषधाच्या निचऱ्यात एखाद्या एन्झाइमचा वाटा चतुर्थांश किंवा जास्त निघाला की माणसांवरचा अभ्यास करायचा, असा तिचा साधारण दंडक आहे. क्लोपिडोग्रेलच्या बाबतीत हे काम जपानी संशोधकांनी २०१०मध्ये केले. ही गोळी स्वतः निष्क्रिय असते. यकृतात दोन पायऱ्या चढली की तिचे औषध होते, आणि तिचा मोठा भाग एस्टरेज एन्झाइम त्याआधीच वाया घालवतात. रीकॉम्बिनंट एन्झाइम एकेक करून वापरल्यावर दिसले की पहिल्या पायरीत सीवायपी-२सी१९चा वाटा सुमारे ४५ टक्के, दुसरीत सुमारे २१ टक्के. दोन्ही पायऱ्यांवर हजर असलेली एन्झाइमे दोनच, आणि त्यांपैकी हे एक. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०१०मध्ये क्लोपिडोग्रेलच्या वेष्टनावर चौकटीतला इशारा घातला तो याच एन्झाइमच्या कमतरतेबद्दल. कुपीचे काम इथपर्यंत चोख आहे.

अडचण ‘वाटा’ या शब्दापाशी सुरू होते. कुपी सांगते ते एका रेणूचे कर्तृत्व. यकृतातला वाटा काढायचा तर त्या कर्तृत्वाला यकृतातल्या रेणूंच्या संख्येने गुणावे लागते. पुरणपोळी कोणाला चांगली जमते हे कळले म्हणून लग्नघरात अशा किती जणी आल्या आहेत हे कळत नाही, आणि पंगत उठणार ती संख्येवर. संख्या सांगणारा बराच काळ आधारभूत मानलेला अभ्यास १९९४चा, शिमादा आणि गेंगरिच यांच्या गटाचा : ३० जपानी आणि ३० गोऱ्या व्यक्तींची यकृते. त्यात एकूण पी-४५०पैकी सीवायपी-३ए सुमारे ३० टक्के भरले, सीवायपी-२सी गट सुमारे २० टक्के आणि सीवायपी-२डी६ जेमतेम २ टक्के. तरीही बाजारातल्या औषधांपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हे २ टक्केवालेच हाताळते. म्हणजे नुसत्या संख्येवर विसंबून चालत नाही आणि नुसत्या गुणावरही नाही. गुणाकार लागतो, आणि गुणाकारातली एक संख्या साठ परदेशी यकृतांवर उभी होती. पुढे मास स्पेक्ट्रोमीटरने केलेली मोजमापे आली, तपशील सुधारले, तरी या आकड्यांमागची यकृते प्रामुख्याने युरोप, अमेरिका आणि पूर्व आशियातलीच राहिली. त्यात कुपीतले रिडक्टेज यकृतातल्यापेक्षा सढळ असते, त्यामुळे तिथला एक रेणू यकृतातल्या रेणूपेक्षा चपळ दिसतो. यावर उपाय म्हणून रूपांतराचे गुणक वापरतात. गुणक प्रामाणिक असतात, पण तेही कोणत्या तरी यकृताशी तुलना करूनच काढलेले असतात.

गुणाचा अर्थ लावण्यातही घसरायला जागा असतेच. २०११मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एका युरोपीय गटाने जाहीर केले की क्लोपिडोग्रेल सक्रिय करणारे खरे एन्झाइम पी-४५० नसून पॅराऑक्सोनेज-१ आहे. प्रयोगनळीतले पुरावे स्वच्छ दिसत होते. वर्षभरात पॅरिसच्या दान्सेत यांच्या गटाने दाखवले की पॅराऑक्सोनेज बनवते तो रेणू सक्रिय औषधाचा जुळा भाऊ आहे, पण तो वेगळ्या घडणीचा आणि गौण आहे. मुख्य वाट पी-४५०चीच. इतर गटांना रुग्णांमध्येही तो मूळ निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. एन्झाइमला एखादे काम करता येते, एवढ्यावरून शरीरात ते काम तेच करते असे म्हणता येत नाही. या क्षेत्रातला प्रत्येक जण हे वाक्य पहिल्या वर्षी शिकतो आणि चांगला आलेख हाती आला की विसरतो.

आता भारतीय यकृताकडे येऊ. सीवायपी-२सी१९च्या जनुकाचा ‘तारांकित २’ या नावाचा प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १५ टक्के प्रतींमध्ये आढळतो. चंदीगडच्या पीजीआयमधून आणि पुदुच्चेरीच्या जिपमेरमधून आलेल्या अभ्यासांनी उत्तर भारतीयांत आणि तमिळ लोकांत तो तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात दाखवला आहे. मधला ३५ टक्के धरून हिशेब केला तर सुमारे १२ टक्के माणसांच्या दोन्ही प्रती सदोष निघतात आणि आणखी सुमारे ४५ टक्क्यांची एक. म्हणजे सरोजिनी नगरातल्या जिन्यावरच्या निम्म्याहून अधिक शेजाऱ्यांत या एन्झाइमचा पुरवठा कमी आहे. तर मग हा ‘भारतीय’ प्रकार रीकॉम्बिनंट पद्धतीने बनवून कुपीत घालावा आणि क्लोपिडोग्रेल त्यावर तपासावे, असे कोणालाही सुचेल. ते करता येत नाही. हा दोष एन्झाइमच्या रचनेतला नाही. जनुकातले एक अक्षर बदलल्यामुळे संदेश चुकीच्या जागी कापला जातो आणि कामाचे प्रथिन तयारच होत नाही, हे १९९४मध्ये जॉयस गोल्डस्टीन यांच्या गटाने दाखवले. आशियात आढळणाऱ्या ‘तारांकित ३’मध्ये प्रथिन मध्येच थांबते. उलट ‘तारांकित १७’ या प्रकारात बदल जनुकाच्या नियंत्रक भागात आहे : एन्झाइम तेच, फक्त जास्त तयार होते. या एन्झाइमच्या बाबतीत भारतीयांना सर्वाधिक लागू असलेला फरक कुपीत भरायला गेलो तर कुपी रिकामी राहील, किंवा जुनेच एन्झाइम जास्त ओतावे लागेल. फरक गुणात नाही, मापात आहे.

सगळेच प्रकार असे नाहीत, हे मान्य करायला हवे. सीवायपी-२सी९चा ‘तारांकित ३’ हा प्रकार रचनेतला आहे. त्यात एकाच जागी अमिनो आम्ल बदलते, एन्झाइम तयार होते पण वॉरफरिन सावकाश मोडते. तो कुपीत घालून तपासला गेला आहे आणि त्यातून मिळालेले ज्ञान वॉरफरिनच्या डोसच्या गणितात वापरले जाते. सीवायपी-२डी६चा आशियात आढळणारा ‘तारांकित १०’ही बनवता येतो, मात्र त्याचा मुख्य दोष अस्थिरपणाचा असल्यामुळे तिथे पुन्हा माप डोके वर काढते. पण भारताच्या आरोग्याशी सगळ्यांत जुने नाते असलेल्या एन्झाइमची गोष्ट पाहिली तर पारडे कुठे झुकते ते दिसते. ते एन्झाइम पी-४५० कुळातले नाही. त्याचे नाव एन-अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज-२. क्षयाच्या आयसोनियाझिड या औषधाचा निचरा ते करते. १९५६मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग रसोपचार केंद्राच्या चाचण्यांत पुढे दिसले की आठवड्यातून एकदाच औषध देण्याच्या पद्धतीत ज्यांचे शरीर आयसोनियाझिड झपाट्याने निकामी करते त्यांना गुण कमी येतो. मंद गतीच्या माणसांचा धोका वेगळा. एम्समधल्या पांडे, टंडन आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये ‘थोरॅक्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्षयाच्या औषधांनी यकृताला इजा होण्याच्या कारणांत उतारवय, रक्तातले कमी अल्ब्युमिन, दारू आणि पसरलेला आजार यांच्याबरोबर हा मंदपणाही होता. आणि मंद माणसांच्या यकृतात काय वेगळे असते? बाझेलच्या मायर यांच्या गटाने तपासले तेव्हा मंद गतीच्या यकृतांत हे प्रथिनच कमी आढळले. पुन्हा माप.

शरीर हे माप आठवड्याभरात बदलूही शकते. क्षयाच्या उपचारातलेच दुसरे औषध रिफॅम्पिसिन यकृताच्या पेशीला सीवायपी-३ए४ अधिक बनवण्याचा हुकूम देते. हेलसिंकीच्या १९९६मधल्या अभ्यासात पाच दिवस रिफॅम्पिसिन घेतल्यावर मिडॅझोलॅम या झोपेच्या औषधाची रक्तातली एकूण मात्रा ९६ टक्क्यांनी घटली. संततिनियमनाच्या गोळ्या, वॉरफरिन, एचआयव्हीवरची काही औषधे रिफॅम्पिसिनसमोर अशीच निष्प्रभ होतात. क्षयाचे एवढे रुग्ण असलेल्या देशात सीवायपी-३ए४च्या बाबतीत सर्वाधिक घरांत घडणारी गोष्ट हीच, आणि कुपीतल्या एन्झाइमला तिचा पत्ता नसतो. त्याला ना जनुक, ना पेशी, ना हुकूम. ते जितके ओतले तितकेच राहते.

पिंपळी-मिऱ्याचे उदाहरण याच संदर्भात मला सर्वांत बोलके वाटते, कारण ते पूर्णपणे इथले आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पिंपळी-मिरी असलेल्या त्रिकटू या आयुर्वेदिक मिश्रणाचा अभ्यास केला. मिरीतले पायपेरिन औषधे मोडणाऱ्या एन्झाइमांना अडवते, असे त्यांनी १९८५मध्ये मांडले. पुढे मानवी सीवायपी-३ए४बाबतही ते खरे ठरले. बंगळूरमध्ये १९९८साली झालेल्या अभ्यासात २० मिलिग्रॅम पायपेरिनबरोबर दिलेल्या हळदीतल्या कर्क्युमिनचे शोषण माणसांत वीसपट वाढले, आणि आज हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल विकणारा प्रत्येक जण तो आकडा छापतो. जम्मूच्या संस्थेने आणि अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने मिळून पायपेरिन घातलेली क्षयाची गोळी आणली. तिला २००९मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात रिफॅम्पिसिन नेहमीच्या ४५०ऐवजी २०० मिलिग्रॅम असते. आता कुपीचा वकील म्हणेल : पाहा, एन्झाइम अडवले, औषध वाचले, हिशेब जुळला. पण रिफॅम्पिसिन मुख्यतः पी-४५०च्या वाटेने जातच नाही. त्याची अ‍ॅसिटिल शेंडी कापणारे एन्झाइम वेगळे आहे, आणि जपानच्या कानाझावा विद्यापीठात २०११मध्ये ते ओळखले गेले तेही कीटकपेशीत बनवलेल्या मानवी एन्झाइमच्याच मदतीने. पायपेरिनचा इथला परिणाम आतड्याच्या भिंतीतून औषध परत फेकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीन पंपामुळे अधिक समजतो. पी-४५०च्या नेहमीच्या चार-पाच कुप्या मांडून कोणी ही गोळी तपासली असती तर हाती काहीच लागले नसते, आणि भारतीय क्षयरोगशास्त्रातली एक चांगली कल्पना ‘यंत्रणा सापडत नाही’ या शेऱ्याखाली गेली असती.

जाणकार यावर म्हणतील की हे सगळे ठाऊक आहे, म्हणूनच तर लोक मानवी यकृताचे मायक्रोसोम, म्हणजे त्याच्या पेशींतल्या पटलांचे कण, आणि जिवंत यकृतपेशी वापरतात. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मायक्रोसोमांत पी-४५० कुळातली सगळी एन्झाइमे त्यांच्या नैसर्गिक प्रमाणात असतात. पण बाजारात सर्वाधिक खपणारे मायक्रोसोम दीडशे-दोनशे दात्यांच्या यकृतांची सरमिसळ असते, आणि ती मुद्दाम केलेली असते, म्हणजे प्रयोगागणिक निकाल हलू नये. ज्या फरकाचा शोध घ्यायचा तोच त्या सरमिसळीत विरघळतो. बारा टक्के मंद माणसे दोनशेच्या सरासरीत कुठे दिसणार? जिवंत यकृतपेशींना रिफॅम्पिसिनचा हुकूम कळतो, तरी एकेका दात्याच्या पेशी थोड्या दिवसांत संपतात. उलट रीकॉम्बिनंट एन्झाइम कोणाच्याही मृत्यूची वाट पाहत नाही, संपत नाही, आणि आज मिळालेले उत्तर दहा वर्षांनीही पडताळता येते. त्यामुळे कुपी टाकून द्यावी असे इथे कोणी म्हणत नाही. सरासरी आणि कुपी दोन्ही मिळूनही भारतीय माप देत नाहीत, एवढेच.

दुसरा आक्षेप वैद्यकाच्या बाजूने येतो : एवढे माप हवेच कशाला, जनुकाची चाचणी करा, नाही तर डोस कमी-जास्त करून पाहा. वॉरफरिनला हे चालते, कारण रक्त तपासून परिणाम आठवड्यात दिसतो. क्लोपिडोग्रेलमध्ये बऱ्याचदा अपयश दिसते ते स्टेंट बंद झाल्यावरच. जनुक-चाचणीचे म्हणाल तर २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलर-पीसीआय या मोठ्या चाचणीत जनुक पाहून औषध बदलण्याने हृदयविकाराच्या घटना सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसल्या, पण हा फरक संख्याशास्त्राच्या ठरलेल्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडेच थांबला. त्या चाचणीची केंद्रे अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरियात होती, भारतात नव्हती. पुण्यातून एक वेगळाच पर्याय सुचवला गेला. योगिता घोडके, कल्पना जोशी आणि भूषण पटवर्धन यांनी १३२ निरोगी व्यक्तींच्या आयुर्वेदिक प्रकृती आणि सीवायपी-२सी१९ची जनुके ताडून पाहिली. पित्तप्रकृतीत ९१ टक्के माणसे औषध नीट मोडणारी निघाली, आणि मंद माणसांचे प्रमाण कफप्रकृतीत सर्वाधिक, ३१ टक्के. मोडण्याचा वेग आणि पित्त यांचे जुळणे आयुर्वेदाच्या वाचकाला सुखावणारे आहे आणि हा प्रश्न विचारण्याचे धाडस मोलाचे आहे. तरी या आकड्यांची दुसरी बाजू वाचावी : कफप्रकृतीच्या शंभरातले ६९ जण मंद नव्हते. प्रकृती पाहून गोळी बदलली तर तिघांपैकी दोघांची गोळी विनाकारण बदलेल. १३२ जणांवरून इशारा मिळतो, चाचणी तयार होत नाही.

तिसरा आक्षेप नव्हे, तो उत्साह आहे : या कुप्या आपणच का बनवू नयेत? जरूर बनवाव्यात. तीस वर्षे जुने तंत्र आहे, लस आणि इन्सुलिन बनवणाऱ्या देशाला ते अवघड नाही. अवघड आहे ते प्रत्येक खेपेत ४५०ची टेकडी तितक्याच उंचीची देणे. पण परदेशी एन्झाइमची स्वदेशी नक्कल स्वस्त झाली म्हणजे भारतीय यकृत समजले, असा गैरसमज होऊ नये. कुपीतल्या एन्झाइममधला अमिनो आम्लांचा क्रम तोच राहील, लेबलवरचा पत्ता बदलेल. वनौषधींच्या तपासणीत तर हा गैरसमज लगेच अंगाशी येतो. २०२०च्या अखेरीस मुंबईत डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवर शंका घेतली आणि वाद रंगला. त्या इजेचे स्वरूप रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखे होते. पी-४५०च्या कुपीत गुळवेलीचा अर्क ओतून ‘सुरक्षित’ असा शिक्का मिळवला असता तरी त्या सहा जणांबद्दल त्यातून अवाक्षर कळले नसते.

मग करण्यासारखे काय? यकृते मोजायची. १९९४मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, १९९८मध्ये दिल्लीत यकृत प्रत्यारोपण यशस्वी झाले आणि आज राजधानीच्या परिसरात ही शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होते. काढून टाकलेली यकृते सिरॉसिसने जर्जर असतात, त्यांत एन्झाइमे आधीच घटलेली असतात, त्यामुळे ती निरोगी माणसाचे माप देणार नाहीत. पण यकृतातली गाठ काढताना तिच्याभोवतीचा निरोगी भागही थोडा कापला जातो आणि तपासणीनंतर तो टाकूनच दिला जातो. रुग्णाची लेखी संमती, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि द्रव नायट्रोजनचे एक भांडे एवढ्यावर त्यातला हरभऱ्याएवढा तुकडा जपता येतो. मास स्पेक्ट्रोमीटर त्यातले सीवायपी-२सी१९, ३ए४, एन-अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज-२ यांचे रेणू मोजू शकतो, आणि त्याच तुकड्यातल्या डीएनएवरून त्या माणसाकडे कोणते प्रकार आहेत हेही कळते. हे मोजताना तुलनेसाठी ज्ञात प्रमाणाचा नमुना लागतो, आणि कुपीतल्या रीकॉम्बिनंट एन्झाइमचा उपयोग इथे पुन्हा होतो : तिच्यातल्या रेणूंची संख्या आधीच ठाऊक असते. दिल्लीतल्या एम्ससारख्या एकाच रुग्णालयात देशाच्या सगळ्या प्रांतांतले रुग्ण येतात. दिल्ली, मुंबई, चेन्नई अशा दोन-तीन ठिकाणी काही वर्षे असे तुकडे जमले तरी शिमादांच्या साठ यकृतांशेजारी भारतीय आकड्यांचा एक रकाना उभा राहू शकेल. क्लोपिडोग्रेलच्या ४५ टक्क्यांचा आकडा मग या रकान्याने पुन्हा गुणता येईल, आणि तो बदलतो की तसाच राहतो हे पाहता येईल.